पोर्ट एलन १९७९, वय ३२: एका पेगचा हिशेब

पोर्ट एलन डिस्टिलरीत १९७९ साली गाळलेली, ३२ वर्षे ओकच्या पिंपात मुरलेली आणि २०१२ साली बाजारात आलेली सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून गाळलेली, व्हिस्की मी गेल्या महिन्यात एडिनबरातल्या एका बारमध्ये चाखली. 'प्यालो' असे म्हणवत नाही, कारण माप होते २५ मिलिलिटरचे, म्हणजे आपल्याकडच्या लहान पेगपेक्षाही पाच मिलिलिटर कमी, आणि तेही माझ्यात आणि माझ्या आतेभावात वाटलेले. त्या एका मापाचे २२० पौंड झाले. माझ्या वाट्याला मोजून सात घोट आले आणि ते संपवायला मी पावणेदोन तास घेतले. एवढे पैसे मोजून नेमके काय हाती लागते, दुर्मीळपणा किती आणि चव किती, हे जमेल तेवढे प्रामाणिकपणे लिहून ठेवावे म्हणून हा खटाटोप.

आधी ही व्हिस्की आहे कुठली ते सांगायला हवे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या एका बेटावर पोर्ट एलन नावाचे छोटेसे बंदर आहे. त्या बेटाच्या नावाचा उच्चार 'आयला' असा होतो. त्यावर मराठी माणसाने एकदा मनसोक्त हसून घ्यावे आणि पुढे जावे, नाहीतर तिथल्या बारमध्ये गंभीरपणे बोलणे अवघड होते. काही वर्षांपूर्वी आम्ही केनाक्रेगहून बोटीने या बेटावर गेलो होतो. बोट दक्षिण किनाऱ्याने जाते तेव्हा आर्डबेग, लागावूलिन आणि लाफ्रोएग या तीन डिस्टिलऱ्या पाण्याकाठी एकामागून एक दिसतात, आणि मग बंदराजवळ पोर्ट एलनची पांढरी गोदामे येतात. त्यांच्या समुद्राकडच्या भिंतीवर डिस्टिलरीचे नाव काळ्या ठळक अक्षरांत रंगवलेले आहे. शेजारच्या तिघी कधीच्या जगप्रसिद्ध झाल्या. ही मात्र तेव्हा बंद होती.

पोर्ट एलनची स्थापना १८२५ची. १९३०च्या सुमारास ती एकदा बंद पडली, १९६७ साली पुन्हा सुरू झाली आणि १९८३ साली दुसऱ्यांदा बंद झाली. म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला चालायला मिळाली जेमतेम सोळा वर्षे. दुसऱ्या बंदीचे कारण अगदी साधे, व्यापारी होते. १९७०च्या दशकात स्कॉटलंडने मागणीच्या अंदाजापेक्षा फार जास्त व्हिस्की गाळून ठेवली. मग तेलाच्या भाववाढीनंतर जगभर मंदी आली, लोकांची आवडही बदलली आणि गोदामे भरलेलीच राहिली. पोर्ट एलनची मालक डिस्टिलर्स कंपनी लिमिटेड होती. या कंपनीकडे आयलावर लागावूलिन, कल ईला आणि पोर्ट एलन अशा तीन डिस्टिलऱ्या होत्या आणि तिघींची धुरकट व्हिस्की मुख्यतः मिश्र व्हिस्कीला, म्हणजे अनेक डिस्टिलऱ्यांची व्हिस्की एकत्र करून बनवलेल्या मालाला, धुराची फोडणी देण्यापुरतीच वापरली जाई. कल ईला नुकतीच, १९७४ साली, मोठी करून बांधली होती. तीनपैकी एक बंद करायची तर पोर्ट एलनवर फुली पडणार हे उघड होते. त्याच १९८३ साली ब्रोरा, डॅलस डू आणि इतर कित्येक डिस्टिलऱ्यांनाही कुलपे लागली.

हा इतिहास चवीशी थेट जोडलेला आहे, म्हणूनच तो इतका सविस्तर सांगितला. १९७९ साली ज्यांनी ही व्हिस्की पिंपात भरली त्यांच्या मनात ती ३२ वर्षे ठेवण्याचा विचार असणे शक्यच नव्हते. पाच, फार तर दहा-बारा वर्षांनी ती कुठल्यातरी मिश्रणात ओतली जायची होती. त्यामुळे तिच्यासाठी खास, महागडी, शेरी नावाच्या स्पॅनिश वाइनमध्ये भिजलेली नवी पिंपे कोणी मागवली नाहीत. हाताशी होती ती, आधी दोन-तीनदा वापरून झालेली अमेरिकन आणि युरोपीय ओकची पिंपे भरली गेली. मग डिस्टिलरीच बंद पडली, मिश्रणांची मागणी घटली आणि ही पिंपे गोदामात तशीच पडून राहिली. १९८८ साली मालक कंपनीने लागावूलिन १६ वर्षांची 'क्लासिक माल्ट्स' मालिकेत बाजारात आणली आणि आयलाच्या धुराला जगभर चाहते मिळू लागले, तोवर पोर्ट एलनला बंद होऊन पाच वर्षे लोटली होती. आज डियाजिओ नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने उरलेल्या पिंपांतून २००१ पासून दर वर्षी एक बाटलीबंद आवृत्ती काढायला सुरुवात केली. मी चाखली ती त्या मालिकेतली बारावी.

वापरून जुन्या झालेल्या पिंपाचे महत्त्व समजायला आपल्याकडचा माठ आठवावा. नव्या माठातल्या पाण्याला पहिले काही दिवस मातीचा वास येतो. महिनाभराने तो वास जातो, पण माठ झिरपत राहतो आणि पाणी गार करत राहतो. ओकच्या पिंपाचेही तसेच आहे. नवे पिंप व्हॅनिला, मसाला, तुरटपणा, रंग असे बरेच काही व्हिस्कीत ओतते आणि बत्तीस वर्षांत तिला अक्षरशः लाकूड करून टाकू शकते. जुने पिंप स्वतःचे फारसे काही देत नाही, मात्र त्याच्या फटींतून हवा आत-बाहेर जात राहते आणि आतला ऐवज सावकाश बदलत राहतो. पोर्ट एलनचे नाव झाले त्यात या दमलेल्या पिंपांचा वाटा फार मोठा आहे असे माझे मत आहे, आणि ग्लास हातात घेतल्यावर ते आणखी पक्के झाले.

ग्लासाचीच गोष्ट आधी सांगतो, कारण तिथे पहिला खडा लागला. बारमधल्या मुलाने व्हिस्की जाड बुडाच्या, रुंद तोंडाच्या ग्लासात ओतून आणली, ज्यात बर्फ घालून कोणीही काहीही प्यावे. इतक्या दुर्मीळ वस्तूचा अर्धा आनंद वासात असतो आणि रुंद तोंडाच्या ग्लासातून तो वास भुर्रकन उडून जातो. मी निमुळत्या तोंडाचा, ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास मागितला. त्याने निमूटपणे तो आणून दिला आणि व्हिस्की त्यात उलटी केली. पहिल्या ग्लासाच्या भिंतींना जे चिकटून राहिले ते माझ्या हिशेबाने दहा पौंडांचे असावे. म्हणून तो रिकामा ग्लासही मी परत जाऊ दिला नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. बाटलीत तळाशी चार बोटे व्हिस्की उरली होती आणि ती केव्हा उघडली होती याचे उत्तर बारमध्ये कोणाकडे नव्हते. अर्धी-अधिक रिकामी झालेली बाटली महिनोन्‌महिने ठेवली की आतल्या हवेने व्हिस्कीचा वरचा, नाजूक वास पुसट होत जातो. मापाला २२० पौंड घेणाऱ्याने बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिलेली एक चिठ्ठी तरी चिकटवावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. पुढे जे लिहितो आहे त्यातून हवेने नेलेला हिस्सा वजा आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

रंग फिकट सोनेरी, वाळलेल्या गवताचा. बत्तीस वर्षांची व्हिस्की म्हटल्यावर काकवीसारखा गडद रंग डोळ्यांपुढे येतो; इथे तसे काही नाही, आणि याचे कारणही तेच, जुनी पिंपे. ग्लास तिरका करून सरळ केला की काचेवर उमटलेले थेंब खाली यायला एवढा वेळ घेतात की आतेभाऊ म्हणाला, "दादा, हे तेल आहे की दारू?"

पहिला वास धुराचा येईल अशी माझी खात्री होती. तुलनेला म्हणून आम्ही आधी लागावूलिन १६ घेतली होती आणि तिचा धूर म्हणजे पेटलेल्या चुलीसमोर बसल्यासारखा असतो. आयलावर बार्लीला मोड आणतात, अगदी आपण मटकीला आणतो तसे, आणि मग ती वाळवताना पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतके कुजून साठलेल्या वनस्पतींचा जळाऊ थर. त्याचा धूर बार्लीत शिरतो तो शेवटपर्यंत सुटत नाही. मात्र पिंपात वर्षे लोटली की तो ओसरत जातो, त्याचा तिखटपणा जातो. पोर्ट एलनमध्ये जे उरले होते ते पेटत्या चुलीचे नव्हते, चुलीवरच्या माळ्यावर वर्षभर ठेवलेल्या घोंगडीचे होते. झटकली तर वास येतो, नुसती हातात घेतली तर येत नाही.

त्या धुरामागून आला तो लिंबाचा वास, आणि तो ताज्या लिंबाचा नव्हता. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी उपासाचे लिंबाचे लोणचे काचेच्या बरणीत तीन-चार वर्षे राहत असे. त्यात तेल नाही, मोहरी नाही, फक्त लिंबू, मीठ, साखर आणि काळ. साल काळपट तपकिरी झालेली, रस मधासारखा घट्ट. त्या बरणीचे झाकण उघडल्यावर येई तोच आंबट, गोड, खारट आणि किंचित कडवट वास मला या ग्लासात मिळाला, आणि तो इतका नेमका होता की मी ग्लास खाली ठेवला. मग मेणकापडाचा वास, पावसाळ्यात शाळेच्या दप्तरावर घातलेल्या मेणकापडाचा. मग लहानपणी गुडघा फुटल्यावर लावलेल्या टिंक्चर आयोडीनची एक पुसट झाक. ती आयलाच्या व्हिस्कीची ओळखच आहे. इथे ती औषधाच्या कपाटाचे दार बंद असावे इतपतच होती. पंधरा मिनिटांनी ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांचा, शेवाळाचा आणि डांबर लावलेल्या होडीत गुंडाळून ठेवलेल्या सुंभाच्या दोराचा वास येऊ लागला. कोकणातल्या माणसाला हा भाग परका वाटणार नाही. उलट, समुद्राकाठी न वाढलेल्या माझ्या काही मित्रांना आयलाच्या व्हिस्कीचा हाच वास सुरुवातीला सहन होत नाही.

अर्ध्या तासाने मात्र वास मंदावला. तो पुन्हा वर येईल म्हणून मी बराच वेळ थांबलो, ग्लास तळहातात धरून ऊब दिली, तरी आला नाही. चांगली जुनी व्हिस्की तास-दीड तास नवे काही सांगत राहते. हिने आपले बहुतेक सगळे पहिल्या अर्ध्या तासात सांगून टाकले. यात दोष व्हिस्कीचा किती आणि त्या चार बोटे उरलेल्या बाटलीचा किती, हे वेगळे काढता येत नाही. माझा संशय बाटलीवर आहे.

जिभेवरची गोष्ट वेगळी. मद्यार्काचे प्रमाण ५२.५ टक्के आहे, म्हणजे पाणी न मिसळता पिंपातून निघाली त्याच ताकदीने ती बाटलीत भरलेली आहे. पिंपात भरताना हे प्रमाण स्कॉटलंडमध्ये साधारणपणे ६३.५ टक्के असते, तेव्हा तीन दशकांत दहा-अकराच टक्के उतरणे ही मजबूत पिंपाची आणि थंड गोदामाची करामत. स्कॉच म्हणवून घ्यायला किमान ४० टक्के ताकद लागते आणि फार जुनी पिंपे पुष्कळदा त्या रेषेला टेकतात. मग व्हिस्की जिभेवर पातळ, दमलेली लागते. इथे तशी काही शंका नाही. पहिल्या घोटात गोडी आली, जर्दाळू रात्रभर भिजवून त्याचे पाणी प्यावे तशी. ती गोडी दोन क्षण टिकली आणि तिच्या खालून मीठ वर आले, मग मिऱ्याचा चटका, मग धूर. वासात घोंगडीएवढाच असलेला धूर घशाखाली उतरताना मात्र चांगला जागा झाला आणि नाकातून परत बाहेर पडला. पोत तुपासारखा, घोट गिळल्यावरही टाळूला काहीतरी चिकटून आहे असे वाटत राहते. लाकडाचा तुरटपणा अगदी शेवटी येतो, कात जिभेला लावल्याइतका, आणि बत्तीस वर्षांच्या मानाने तो फारच थोडा आहे. घड्याळ लावून पाहिले तर एका घोटाची चव चार मिनिटे टिकली. लागावूलिन १६ची चवही कमी टिकत नाही, पण ती शेवटपर्यंत एकच गोष्ट सांगते. ही मीठ, लिंबू, राख असा फेरा धरून परत गोडीवर येते.

पाचव्या घोटानंतर मी पाण्याचे चार थेंब घातले. पन्नास टक्क्यांवरच्या व्हिस्कीत थोडे पाणी घातले की दडलेले वास मोकळे होतात, असा माझा नेहमीचा अनुभव आहे. इथे उलटे झाले. मेण आणि लिंबू दोन्ही विरघळल्यासारखी नाहीशी झाली आणि मागे राहिली ती ओली राख आणि थोडा कडवटपणा. उरलेले दोन घोट मी नाइलाजाने, जरा खट्टू होऊन घेतले. आतेभावाने पाणी घातले नव्हते आणि ही गोष्ट तो पुढे वर्षभर सांगणार आहे.

आता दुर्मीळपणाचा हिशेब. या आवृत्तीच्या बाटल्या निघाल्या २,९६४. सातशे मिलिलिटरच्या हिशेबाने एकूण व्हिस्की होते सुमारे २,०७५ लिटर, म्हणजे आपल्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवरची दोन हजार लिटरची टाकी जेमतेम भरून वर थोडी सांडेल. सगळ्या जगाला मिळून एवढीच. स्कॉटलंडच्या हवेत पिंपातली साधारण २ टक्के व्हिस्की दर वर्षी उडून जाते असे धरतात. ३२ वर्षांत त्या दराने निम्म्याच्या आसपासच मागे उरते. गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणाऱ्या पॉल जॉनचे चाहते विचारतात की आपली सिंगल माल्ट तीस वर्षांची का मिळत नाही, त्याचे उत्तर यात आहे. तिथल्या उष्ण हवेत ही घट कितीतरी जास्त असते. पाच-सात वर्षांत पिंप आपले म्हणणे पुरे करते आणि तीस वर्षे ठेवले तर तळाला लाकडाच्या काढ्याखेरीज फारसे काही राहणार नाही. बाटलीवरचा वयाचा आकडा त्या-त्या हवेतच वाचायचा असतो.

२०१२ साली ही बाटली दुकानात आली तेव्हा तिची किंमत ६०० पौंडांच्या घरात होती आणि तेव्हाही लोकांनी डोक्याला हात लावला होता. पुढच्याच वर्षीच्या तेराव्या आवृत्तीला दीड हजार पौंड पडू लागले. त्या एका वर्षात व्हिस्कीच्या चवीत अडीच पट फरक पडला नव्हता; बाजाराने एवढेच ओळखले की हिचा साठा संपत आला आहे आणि नवा तयार होत नाही. तेव्हापासून या बाटल्या पिण्यासाठी कमी आणि लिलावासाठी जास्त विकत घेतल्या जातात, म्हणूनच ती उघडून मापाने विकणाऱ्या बारचे, ग्लासाची आणि चिठ्ठीची तक्रार कायम ठेवूनही, मला आभारच मानावेसे वाटतात. मी भरलेल्या ११० पौंडांपैकी चवीचे किती असे विचाराल तर माझे उत्तर चाळीस; बाकीचे सत्तर मी १९८३ साली लागलेल्या कुलपाचे दिले. चाळीस पौंडांचा तो ऐवज मात्र खरा आहे. लिंबाच्या लोणच्याचा तो वास मला दुसऱ्या कुठल्याच व्हिस्कीत मिळालेला नाही, आणि पहिले चार घोट मी आजवर घेतलेल्या कोणत्याही चार घोटांच्या पंक्तीला बसवीन.

पोर्ट एलन आता पुन्हा सुरू झाली आहे. डियाजिओने २०१७ साली ती आणि ब्रोरा या दोन्ही डिस्टिलऱ्या ३ कोटी ५० लाख पौंड खर्चून उभ्या करण्याची घोषणा केली आणि मार्च २०२४ मध्ये पोर्ट एलनचे दरवाजे उघडले. व्हिस्की गाळायच्या जुन्या तांब्याच्या भांड्यांच्या आकाराबरहुकूम नवी भांडी घडवली आहेत आणि प्रयोगांसाठी वेगळी लहान जोडीही आहे. तिथे २०२४ साली गाळलेली व्हिस्की बत्तीस वर्षांची होईल ती लवकरात लवकर २०५६ साली. शिवाय तिची पिंपे कोणी विसरणार नाही, उलट प्रत्येकावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले जाईल. जुन्या पोर्ट एलनला जे दुर्लक्ष लाभले ते नवीला मिळणे कठीण आहे आणि म्हणून ती चांगली झाली तरी वेगळीच होईल असे मला वाटते.

ज्यांना या चवीच्या आसपास जायचे आहे, पण एवढे पैसे घालवायचे नाहीत, त्यांनी कल ईलाची वीस-पंचवीस वर्षांची, जुन्या पिंपातली, पिंपाच्या ताकदीने भरलेली एखादी बाटली शोधावी. स्वतंत्र व्यापारी अशी पिंपे विकत घेऊन आपल्या नावाने बाटलीत भरतात. लिंबू, राख, मीठ ही तिन्ही त्यात मिळतील. मेण कमी असेल आणि लोणचे बहुधा नसेल. आणि ज्यांना पोर्ट एलनच घ्यायची आहे त्यांनी ऑर्डर देण्यापूर्वी बाटली टेबलावर मागवून घ्यावी, खांद्यापर्यंत भरलेली असेल तरच हो म्हणावे, ग्लास आधी मागावा आणि पाण्याचा जग वेटरला परत न्यायला सांगावा.